घायपाताला पाणी

प्रिय वाल्ली,

मठाच्या शाळेतला तो थंड जिना आठवतो? ऑक्टोबर सरता सरता सिस्टरांचे घायपात कुंड्यांसकट आत यायचे आणि आपण दोघी त्यांच्या आड बसून सफरचंदं खायचो. एकदा काट्याला अडकून तुझा मोजा फाटला. तुझा भाऊ अलॉइस तेव्हा तिथे बागकामाला होता. "बस अजून जवळ, काट्यांनाच सासर मानून बस!" म्हणून त्याने तुला चिडवलं आणि मला मात्र त्याने घायपाताचं एक पिल्लू दिलं. लग्नानंतर आमच्या जिन्याखाली वाढलेलं धूड ते तेच.

नियम सगळे अलॉइसचे. नोव्हेंबर लागताच सर्व संतांच्या सणाला शेवटचं पाणी, मग थेट मार्चात संत जोसेफच्या दिवशी. मध्ये मी झारीला हात लावला तरी ओरडायचा, "हेडी, त्याला तहान नाही, झोप लागलीय! तुला झोपेत कुणी पाणी पाजलं तर चालेल?"

आता तोच दिवसातून दहादा पाणी घालतो. घातलेलं त्याला आठवत नाही, वाल्ली. शरद ऋतूतच डॉक्टर म्हणाले होते, घरी झेपणार नाही. मी म्हटलं, एवढा हिवाळा तरी सांभाळते.

झारी लपवली, तर त्याने कॉफीचा कप घेतला. कप कुलपात ठेवले, तर दाराशी टांगलेल्या भांड्यातलं, चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी नेऊन ओतलं. शेजारची मित्सी म्हणाली, "आता हा घायपात सरळ स्वर्गातच जाणार गं!" मीही हसले. त्याच आठवड्यात मधली पानं माझ्या हातात आली, पिवळी, गिळगिळीत. अलॉइसने बोट लावून पाहिलं आणि मला म्हणाला, "वाळलाय बिचारा. या घरात कुणी पाणीच घालत नाही."

मग मी घराचं पाणीच बंद केलं. तळघरातला मुख्य कॉक फिरवला. हे कुणालाच सांगितलेलं नाही. मी बटाटे सोलत होते, तेवढ्यात तो बादली घेऊन, घरातल्या सपाता घालून, बर्फातून ओढ्यावर गेला. पोस्टाच्या बाईला दिसला तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. ओठ निळे पडलेले, आणि तिलाच विचारत होता, "बाई, थोडं पाणी मिळेल का? आमच्याकडे देत नाहीत." ती त्याला हाताला धरून घेऊन आली. माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, ती चुकवत मी तळघरात जाऊन कॉक उघडला.

सोमवारी त्याला शुश्रूषागृहात न्यायचं आहे. मी सही केली. तुझी परवानगी मागायला लिहीत नाही. तू ये आणि गाडीत त्याच्या शेजारी बस, म्हणून लिहितेय. माझ्याबरोबर तो यायचा नाही. पाणी तोडणारी बाई ती मी, एवढं मात्र त्याच्या पक्कं लक्षात राहिलं आहे. माडीवरच्या खोलीत त्या घायपाताची काही पिल्लं मी कोरडी जपून ठेवली आहेत. मोठं पोस्टाच्या बाईला दे, मला तिच्यासमोर जाववत नाही. त्या मोठ्याच्या शेजारचं तुला. छाटणीची कात्री मित्सीला. सगळ्यात लहान पिल्लू त्याच्या तिथल्या खिडकीत ठेव आणि तिथल्या सिस्टरना सांग, अलॉइसला हवं तेवढं पाणी घालू द्या. कुजलं की कळवा, मी दुसरं पाठवीन.

तुझीच,
हेडी