विहीणबाईंच्या चिंध्या

३ नोव्हेंबर
हर्षाली पहिल्या बाळंतपणाला आली. सोबत तिच्या सासूबाईंचा, म्हणजे चांदवडच्या लंकाबाईंचा निरोप घेऊन आली. बाळासाठी त्या हाताने गोधडी शिवणार आहेत. त्यांच्याकडे म्हणे पद्धत आहे, दोन्ही घरांतल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकेक वापरलेलं कापड द्यायचं. जितकं जुनं तितकं चांगलं. उज्वलाने लगेच कपाटातून जुनं सुती पातळ काढून दिलं. नंतर माझ्याकडे वळली. मी स्पष्ट सांगितलं, माझे कपडे म्हणजे चिंध्या नाहीत. सातपूरच्या कारखान्यात उभा जन्म क्वालिटी कंट्रोलमध्ये काढला. माझा नातू (नातूच होणार) रिजेक्ट मालात झोपणार नाही.
ठराव: बारशाला पाळण्यात माझी गोधडी असेल. त्यांची नाही.

५ नोव्हेंबर
कुंदन टेलरकडून कापडाची कतरण आणली. पोतं भरून, फुकट. सगळं नवं कोरं! सूटिंग, शाळेचे युनिफॉर्म, लग्नातल्या ब्लाउजची जर. चांदवडला असलं कापड बघायला तरी मिळतं का?
उज्वला म्हणाली, तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत, टोचतं. मी म्हटलं, हा अडाणीपणा आहे. ती "बरं" म्हणाली. तिचं हे "बरं" मला लग्नापासून आवडत नाही.

६ नोव्हेंबर
उद्यापासून पहाटे पाचला उठून काम. टाइमटेबल भिंतीला लावलं.

७ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ
थंडी फार होती. टाइमटेबल उन्हाळ्यासाठी ठीक आहे.

८ नोव्हेंबर
लंकाबाईंचा फोन. म्हणाल्या, "भाऊ, तुमचं बी एक कापड द्या की. आजोबाबिगर गोधडी पुरी नाय व्हायची." किती गोड बोलतात! मला कच्चा माल पुरवणारा करून टाकायचा डाव आहे. मी म्हटलं, माझं स्वतःचं प्रॉडक्शन चालू आहे. त्यांनी लगेच फोन हर्षालीकडे द्यायला सांगितला. घाबरल्या.

९ नोव्हेंबर
चौकोन कापायला बसलो. प्रत्येक तुकडा कारखान्यातल्या व्हर्नियर कॅलिपरने मोजतो. हर्षाली म्हणाली, पप्पा, हे कापड आहे, बेअरिंग नाही. सासरी राहून मुलगी बिघडली.
जावई सोमनाथ तिला भेटून गेला. जाताना उज्वलाने त्याच्याजवळ गच्च भरलेली पिशवी दिली. चिवडा असेल. आमच्या घरातला चिवडासुद्धा चांदवडला जातो.

१० नोव्हेंबर
निळ्या चौकड्यांची लुंगी गायब! काल गच्चीवर वाळत घातली होती. किती वर्षांची सोबत. त्यातून आरपार दिसतं असं उज्वला म्हणते. पण अंगाला अशी लागते की नेसली आहे हेच विसरायला होतं. ती नसेल तर मला झोप येत नाही.
संशय: वरच्या मजल्यावरचा भिकन. गच्चीची किल्ली त्याच्याकडेच असते.

११ नोव्हेंबर
भिकनला जिन्यात अडवून विचारलं. तो म्हणाला, काका, ती लुंगी चोराने नेली तरी दुसऱ्या दिवशी परत आणून टाकेल. चोराची बाजू माहीत आहे म्हणजे बघा. त्याच्याशी बोलणं बंद. सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता, फ्लॅट नंबर घालून लिहिलं. काही जणांनी हसणारे चेहरे टाकले. कोण कोण ते लक्षात ठेवलं आहे.
उज्वलाला म्हटलं, तू काही बोलत का नाहीस? तिला एकदम भाजीची आठवण झाली.

१९ नोव्हेंबर
उज्वलाच्या मशीनवर शिवायला सुरुवात. सूटिंगवर जर, जरीवर अस्तर. सुई मोडली.

२० नोव्हेंबर
आणखी एक मोडली. आजकालच्या सुयांना दम नाही.

२४ नोव्हेंबर
आज सुई मोडली नाही, माझ्या बोटात गेली. मशीन फेकून द्यायच्या लायकीचं आहे. उज्वला म्हणाली, याच मशीनवर हर्षालीचे सगळे फ्रॉक शिवले. म्हणजे तेव्हापासूनच खराब.

२ डिसेंबर
मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी पहिल्यापासून मुलगीच म्हणत होतो.

९ डिसेंबर
गोधडी पूर्ण! भिंतीला टेकवली तर उभी राहते. याला म्हणतात फिनिश. उज्वला म्हणाली, निदान एकदा धुऊन तरी घ्या. धुऊन नवेपणा घालवायचा? तिला त्या गोधडीची असूया वाटते. वाटू दे.

१३ डिसेंबर, बारसं
घाईत लिहितो आहे.
लंकाबाई चांदवडहून आठ-दहा माणसं घेऊन आल्या, काखेत गाठोडं. मी त्यांच्या आधीच माझी गोधडी पाळण्यात घालून उभा होतो. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "लय मेहनत घेतली भाऊंनी." टोमणा लगेच कळला.
पोरीला ठेवलं. तिने अंग ताठ करून जो टाहो फोडला तो खालच्या रिक्षा स्टँडपर्यंत गेला असेल. त्यात तिने गोधडी ओली केली. उचलली तर पाठ लालभडक! हर्षाली किंचाळली, सोमनाथ गाडीची किल्ली शोधायला धावला. रक्त नव्हतं, युनिफॉर्मचा रंग होता. कुंदनने फसवलं. चौकोन मात्र पाठीवर अगदी मापात उमटला होता, हे कुणीच बोललं नाही.
पोरीला पुसलं. लंकाबाईंनी गाठोडं सोडून त्यांची गोधडी अंथरली. पोरगी दोन उचक्या देऊन झोपली. थकली होती, कशावरही झोपली असती. संजना नाव ठेवलं.
मी टाके तपासायला वाकलो. वाकडे निघणारच होते. आणि बरोब्बर मधोमध, उज्वलाच्या पातळाला लागून, निळ्या चौकड्या. माझी लुंगी!
लंकाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आजोबाचं कापड मधीच पायजे, लेकराच्या पाठीखाली. फोनवर भाऊ नाय म्हणले, तवा मला लय वाईट वाटलं होतं. पर मागून गुपचूप धाडून दिलं. मन मोठं हाय."
पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, हो. उज्वलाला एकदम चहाची आठवण झाली. भिकन जिलेबी खात होता. त्याने चौकड्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं आणि आणखी एक जिलेबी घेतली.
ठराव: उद्या गोधडी उसवून लुंगी परत घेणे. माझ्या मालाची चोरी आहे ही.

१४ डिसेंबर
दुपारी सगळे आडवे झाल्यावर कात्री घेऊन गेलो. पोरगी नेमकी चौकड्यांवर गाल टेकवून झोपली होती. म्हणून थांबलो. तेवढ्यात उज्वला उठली. कात्री कशाला, म्हणाली. मी म्हटलं, दोरा सुटला होता. ती "बरं" म्हणाली. मग पोरीला उचलून ओली गोधडी धुऊन पिळून माझ्या हातात दिली, गच्चीवर वाळत घाला म्हणून.
घातली. भिकनचा भरवसा नाही, म्हणून वाळेपर्यंत राखण करत शेजारी खुर्ची टाकून बसलो आहे. खुर्चीचं प्लास्टिक गार लागत होतं, तेव्हा खाली माझी गोधडी घेतली.
टोचते.