ताट वाजविणाऱ्या अज्ञात इसमाचा बंदोबस्त होणेबाबत

ता. २३ एप्रिल १९८३, शनिवार. दुपारी पावणेचार.

निवृत्त होऊन तेवीस दिवस. आजपासून रोजनिशी. तहसिलीत एकतीस वर्षे नोकरी, शेवटची अकरा पेशकार म्हणून, म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवणारा. एकाच कचेरीत बसून बीदर, उस्मानाबाद आणि आता लातूर असे तीन जिल्हे पाहिले. जिल्हा हलला, मी हललो नाही.

संकल्प: पहाटे फिरणे (उन्हाळा संपल्यावर). चहा अर्धा कप. दुपारी एक ते चार अखंड झोप.

तिसरा संकल्प आजच मोडला. माझा दोष नाही. दोन वाजता गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी ताट बडवले. ढण् ढण् ढण् ढण्. आमचे घर कोपऱ्यावरचे, आवाज थेट डोक्यात. उठलो. चष्मा सापडेना. धोतर सावरले, चप्पल एकच मिळाली. बाहेर येईपर्यंत सगळी गल्ली पाण्याच्या टँकरभोवती आणि ताटवाला गायब. आमची शिवगंगा मात्र दोन घागरी घेऊन सर्वांत पुढे. घामाने निथळत होती, धापा टाकत होती. याला शिस्त म्हणतात. माझ्याकडून उचलली.

ता. २४ एप्रिल, रविवार.

आज दोन वाजून दहा मिनिटे. पुन्हा तेच. चौकशी केली. शेजारचे मन्मथ भांडीवाले म्हणाले की टँकरचा हॉर्न बिघडलाय, नागप्पा ड्रायव्हर कधी एकला येतो, कधी तीनला, पाच मिनिटं थांबतो आन् मानूस दिसलं न्हाई की फुडच्या गल्लीत. म्हणून ताट. वाजवतो कोण, असे विचारल्यावर त्यांना जोराचा खोकला आला.

संशयित क्र. १: मन्मथ. भांड्यांचे दुकान आहे. ताटांना पोचे आले की नवी खपतात. मोटिव्ह क्लिअर.

वर्दी द्यायला माझा विरोध नाही. पण वर्दी लेखी असावी.

जेवताना एक गोष्ट लक्षात आली. ऑफिसने निरोप समारंभात दिलेले पितळी ताट, त्यावर कोरलेले आहे: 'श्री. चन्नबसप्पा मलप्पा धनुरे, पेशकार, यांस सप्रेम भेट.' त्यात 'सप्रेम'पाशी पोचा आला आहे. वरण एका बाजूला पळते. शिवगंगाला विचारले. म्हणाली, पितळच हलकं हाय. खरेच, हल्ली मालात दम राहिला नाही.

ता. २६ एप्रिल, मंगळवार.

मदत मागायला निघालो. ठाण्यात म्हणाले, ताट वाजवणं गुन्ह्यात बसत न्हाई, नगरपालिकेत जा. नगरपालिकेत म्हणाले, पानी आमचं, आवाज पोलिसांचा. मग तहसिलीत. माझ्या खुर्चीवर आता गादी आली आहे. नवा पेशकार बसा म्हणाला आणि स्वतः उठून गेला. तिन्ही ठिकाणी माझे म्हणणे मन लावून ऐकले. इतके की कोणी कागदावरून मानसुद्धा वर केली नाही.

निष्कर्ष: तोंडी काम होत नाही. अर्ज हवा.

ता. २९ एप्रिल, शुक्रवार.

दिवसभर मसुदा. सात पाने. 'समाजकंटक', 'सार्वजनिक शांततेचा भंग', 'निवृत्त शासकीय सेवकाची निद्रा' हे शब्द फार जमून आले. प्रती अकरा जणांस माहितीस्तव. कार्बनची चौथी प्रत वाचता येत नाही, ती मंत्रिमहोदयांना.

शिवगंगा काहीतरी सांगत होती. तिसऱ्यांदा. हात वर करून थांबवले. मसुदा महत्त्वाचा.

उकाडा भयंकर. वाळ्याचा पडदा दोनदा भिजवला. रोज दोन घागरी त्याला लागतात. दुष्काळात लोक पाणी कसे वाया घालवतात ते बघवत नाही. आमच्याकडे थेंब न् थेंब उपयोगी पडतो.

ता. ३ मे, मंगळवार. प्रवासातून परत.

दोन दिवस एस. टी.त. लातूरला एका ऑफिसात गेलो. भाड्याची इमारत, कपाटे आली आहेत, किल्ल्या यायच्या आहेत. म्हणाले, तुमच्या विषयाचे रजिस्टर जुन्या जिल्ह्यात. उस्मानाबादला गेलो. तिथले म्हणाले, लातूर वेगळा झाला, तुम्ही गेल्या ऑगस्टपासून आमचे नाही. सांगताना बोलणाऱ्याचा गळा दाटून आला होता. किंवा तोंडात पान असेल.

परत लातूर. एका भल्या क्लार्कने माझ्याकडे बराच वेळ पाहिले, उसासा टाकला, नवी कोरी वही उघडली, वर शीर्षक लिहिले आणि माझा अर्ज चढवला. आवक क्रमांक १. एक! नव्या जिल्ह्यात समाजकंटकांविरुद्ध उभा राहणारा पहिला नागरिक मी. बसमध्ये शेजारच्या इसमास दोनदा सांगितले. तो मधल्याच थांब्यावर उतरला.

ता. ५ मे, गुरुवार.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसणारा मी नाही. रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली. एका बाजूस 'टँकर आला आहे', दुसऱ्या बाजूस 'टँकर आलेला नाही'. कोपऱ्यावर टांगली. पलटण्याची जबाबदारी मी स्वतः घेतली आहे. वेळ: दुपारी चारनंतर.

गल्लीच्या शेवटी कस्तुराबाई एकट्या राहतात, सत्तरी गाठलेल्या. त्या म्हणाल्या की मला वाचाया कुठं येतंय पेशकारसाब, माझं कानच तेवढं चांगलं हायती. साक्षरतेचा प्रश्न वेगळा. त्यासाठी वेगळा अर्ज करता येईल.

ता. ८ मे, रविवार.

ऐतिहासिक दिवस. शांतता समितीची पहिली सभा आमच्या ओट्यावर, दुपारी दोन वाजता. अध्यक्ष मी. सूचना मी मांडली, अनुमोदन मी दिले, विरोध कोणी केला नाही. संशयितावर नजर राहावी म्हणून मन्मथना चिटणीस केले. एकूण सदस्य सात, पैकी जागे पाच. शिवगंगा चहा आणते म्हणून आत गेली.

ठराव क्र. १ वर सर्वांच्या सह्या घेतल्या. मग तो मोठ्याने वाचू लागलो. 'ही सभा ताट वाजविणाऱ्या प्रवृत्तीचा तीव्र' इथपर्यंत आलो आणि ढण् ढण् ढण् ढण्! आमच्याच घराच्या मागून! चष्मा नाकावरून घसरला. केवढी हिंमत! अध्यक्षाच्या परसदाराचा आडोसा घेतो! झोपलेले दोघेसुद्धा धावले. चिटणीस सर्वांत पुढे. ओट्यावर मी आणि ठराव उरलो. ठराव एकमताने मंजूर.

चहा पाऊण तासाने आला. शिवगंगाचे लुगडे भिजलेले. म्हणाली, आधी पानी, मग च्या. घरातल्या बायकांना सभेचे गांभीर्य कळत नाही.

ताटावरचे 'पेशकार' आज पोच्यात गेले. नाव अजून शाबूत. मन्मथना दाखवले. पळीनं बडवल्यावानी दिसतंय, म्हणाले, आणि पुन्हा खोकला. त्यांनी औषध घ्यायला हवे.

ता. ११ मे, बुधवार.

शिवगंगा देवणीला गेली. भावाच्या मुलीचे लग्न. आठ दिवस. रांजण भरून ठेवला आहे. निघताना दारात थांबून म्हणाली की आठ दिस तेवढं दुपारचं झोपू नका. मला हसू आले. बायको गेली म्हणून माणसाने झोप सोडायची?

दुपार शांत. झोप एक ते साडेचार.

ता. १२ मे, गुरुवार.

संपूर्ण शांतता. समाजकंटक गाव सोडून पळाला! आवक क्रमांक १ चा धाक. लातूरला आभाराचे पत्र टाकले.

आज पाच जण घरी येऊन गेले. सगळ्यांचा एकच प्रश्न: अक्का कधी येतीया? शिवगंगाला गल्लीत इतका मान आहे याची कल्पना नव्हती. अध्यक्षपदाचा प्रभाव कुटुंबावर पडतोच.

मन्मथ शेवटी आले. विचारत होते की आपन वाजवलं तर चालंल का. ठरावावरची त्यांचीच सही दाखवली. हातात पळी होती, ती खिशात घालू लागले. मावली नाही.

ता. १३ मे, शुक्रवार.

शांतता. झोप उत्तम. पाटीवर तीन दिवस 'टँकर आलेला नाही'. रोज चारनंतर स्वतः बघून खात्री करतो. नगरपालिका झोपली आहे. अर्ज करावा लागेल.

लोक माझ्याकडे टक लावून बघतात. आदर असावा.

ता. १४ मे, शनिवार.

रांजण तळाला. पडदा कोरडा. सकाळी अंघोळीविना पूजेला बसलो, आयुष्यात पहिल्यांदा. तांब्याभर पाण्यात हातपाय, इष्टलिंगाला वाटीभर पाणी. मन लागले नाही.

कस्तुराबाई काल भर उन्हात मळ्यातल्या विहिरीवर घागर घेऊन गेल्या आणि येताना बांधावरून पडल्या. उजवे मनगट सुजले आहे. घागर फुटली. समितीच्या वतीने भेटायला गेलो. त्यांनी डाव्या हाताने फुलपात्र पुढे केले. घ्या, म्हणाल्या, उन्हातून आलाव. मी प्यालो. पिऊन झाल्यावर दिसले, त्यांच्या माठात तेवढेच होते.

प्यायला नको होते.

ता. १६ मे, सोमवार. संध्याकाळी सहा.

सविस्तर लिहितो.

पडदा कोरडा म्हणून झोप लागली नाही. दोन वाजून पाच मिनिटांनी ओट्यावर आलो तर समोर टँकर उभा. पाण्याने भरलेला, खालून ठिबकत. गल्लीत सगळी दारे उन्हाला बंद, चिटपाखरू नाही. वर आमची पाटी: 'टँकर आलेला नाही'. नागप्पा केबिनमध्ये विडी ओढत होता. मला म्हणाला, अक्का न्हाईत काय? पाच दिस झालं, येऊन येऊन वापस चाल्लोय. ताट वाजल्याबिगर कुनी येतच न्हाई.

मी विचारले, कोणती अक्का?

त्याने विडी तोंडातून काढली. मग म्हणाला, तुमचीच की.

काय वाटले ते नीट लिहिता येत नाही. आत गेलो. फळीवर माझे ताट, शेजारच्या खुंटीला पळी. पळी पोच्यात ठेवून पाहिली. बरोबर बसली. दुसऱ्या पोच्यातही बसली. एकतीस वर्षे पंचनामे वाचले, आणि रोज त्याच ताटात जेवत होतो.

विडी संपत आली होती. ताट घेऊन रस्त्यावर पळालो. बडवले. आवाजच येईना, कारण ते मी छातीशी धरले होते. नागप्पा ओरडला, काठाला धरा साब, काठाला! काठाला धरले आणि घातली पळी. ढण्! पहिले दार उघडले. ढण् ढण्! मन्मथ दुकान तसेच टाकून दोन बादल्या घेऊन आले. चाळीस घरे बाहेर पडली. शेवटून कस्तुराबाई, डाव्या हातात डबा. माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, हात बसंल हळूहळू, अक्कासारखा.

एकतीस वर्षांत माझ्या एकाही कागदावर इतकी माणसे धावून आली नाहीत. धावणे सोडा, कोणी खुर्चीतून उठले नाही. मला फार आनंद झाला. इथे कोण वाचतो, म्हणून लिहितो: डोळ्यांत पाणी आले. सगळे आल्यावरही मी वाजवतच राहिलो. टँकर रिकामा झाला तरी वाजवत होतो. मन्मथ म्हणाले, पेशकारसाब, बास. मी कुठे ऐकतो!

मग कोणीतरी मनगट धरले. शेषेराव जमादार, ठाण्यातले. काखेत सात पाने. म्हणाले, वरनं लई अर्जंट आलंय, आवक क्रमांक एक, इसमाला वाजवतानाच धरा म्हून शेरा हाय. खुलासा करायला तोंड उघडले. ते म्हणाले, खुलासा कशाला, अर्जात समदं सविस्तर लिवलंय की. तेही खरेच. एकही मुद्दा सोडलेला नव्हता.

मुद्देमाल जप्त. ताट एक, पळी एक. 'अज्ञात इसम' हे शब्द जमादारांनी खोडले. आरोपीचे नाव त्यांना विचारावे लागले नाही, ताटावर वडिलांच्या नावासकट कोरलेले होते. हुद्दा तेवढा विचारला, तो पोच्यात गेला होता.

यापुढे ताट वाजविणार नाही, असे हमीपत्र लिहून घेतले. त्यांच्या मसुद्यात दोन चुका होत्या. दुरुस्त करून सही केली.

ता. १९ मे, गुरुवार. दुपारी दीड.

शिवगंगा परत आली. तिला सगळे कोपऱ्यावरच कळले होते. पत्रावळीवर जेवलो. मी सांगितले की मला पहिल्यापासून ठाऊक होते, फक्त नवा जिल्हा कसा चालतो ते तपासत होतो. तिने भात वाढला. मग म्हणाली, तीनदा सांगाया आल्ते तुमाला. तिन्ही बारीला हात वर केलाव.

मी म्हणालो, अशी कुठेही नोंद नाही. नोंद दाखवायला ही वही काढली. ता. २९ एप्रिल. आहे. माझ्याच अक्षरात.

वही मिटली. नोंद सापडली का, ते तिने विचारले नाही.

आजपासूनची व्यवस्था: वाजवणार ती, मी हमीपत्राने बांधलेला. ताट ठाण्यात म्हणून परात काढली आहे. घागरी मी आणायच्या, आमच्या दोन आणि कस्तुराबाईंची एक, त्यांचा हात बरा होईपर्यंत. वाळ्याचा पडदा तिने काढून माळ्यावर टाकला. मला विचारले नाही. पाटी मन्मथांनी नेली, मागच्या बाजूवर दुकानाचे नाव रंगवणार आहेत.

अर्ज क्र. २, विषय: जप्त ताट परत मिळणेबाबत. प्रती अकरा. सुरुवात छान झाली आहे. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की सदर ताट हे

शिवगंगा परसदारातून काहीतरी सांगते आहे. उठतो.