दगडावर दगड राहता कामा नये

सेंट जॉर्जच्या सणाचा दुसरा दिवस

पोहोचलो एकदाचे. बैलगाडीने हाडं खिळखिळी केली, पण घर पाहिलं आणि सगळं विसरले. किल्ल्याच्या पायथ्याशी, पुढे निस्त्रू नदी, मागे परसू, आणि भट्टी अशी की आख्खं कोकरू आत झोपेल. सून आनिसियाला आठवा लागलाय. ती उतरल्या उतरल्या भट्टीला पाठ टेकून बसली नि म्हणाली, आता मला इथून हलवलंत तर याद राखा.

माझा मुलगा उर्सू गवंडी. तीस वर्षं भिंती चढवल्या, आता हुकूम आलाय पाडायचा. सुलतानाने आमच्या राजाला कळवलं, हा किल्ला नको, दगडावर दगड राहता कामा नये, आणि तुमचा तुम्हीच पाडा. म्हणजे आपले दात आपणच उपटायचे आणि वर लवून नजराणाही द्यायचा. राजा नाही कसा म्हणेल? त्याची दोन पोरं तिकडे ओलीस ठेवून घेतलीत. देखरेखीला सुलतानाचा एक आगा आलाय, गादीवर बसून दिवसभर बेदाणे खातो. मी त्याला मुजरा केला. मनात काय म्हटलं ते, पाहोमिए, लिहू नकोस.

हा पाहोमिए किल्ल्यातल्या चर्चचा सेवक होता. चर्च पडलं, आता आमच्याकडे जेवतो आणि मी सांगते ते लिहितो. मला अक्षर येत नाही, त्याला स्वयंपाक येत नाही. जमेल आमचं.

त्यानंतरचा दुसरा शुक्रवार

उत्तरेचा बुरूज फोडला. भिंतीच्या पोटातून बोरूच्या नऊ काड्या निघाल्या आणि गवंडी हातातलं टाकून मागे सरले. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही. भिंत टिकेना झाली की गवंडी वाटेने जाणाऱ्या कुणाची तरी सावली त्याच्या नकळत काडीने मोजतो आणि काडी भिंतीत चिणतो. तो माणूस चाळीस दिवसांत मरतो. सावली भिंतीत उभी राहते, राखणीला. उर्सूला विचारलं, तू कधी मोजलीस का रे? त्याने घाईने पाव तोंडात कोंबला.

काड्यांना कुणी हात लावेना. मी म्हटलं, शंभर वर्षं वाळलेलं बोरू कुणाला चावणारे? परसातल्या वाटाण्याला आधार हवाच होता. नऊच्या नऊ रोवल्या. एक तर माझ्या कमरेएवढीच. पाहोमिए म्हणाला, आजी, ही लेकराची असणार. मी म्हटलं, मग लहान वेलाला लावू. त्याने छातीवर क्रूस काढला आणि दोन वाडगे आंबट सार ओरपलं.

कॉन्स्टंटाईन-हेलेनाचा सण

वाटाणा फुललाय. भर दुपारी निंदायला बसले. माझी सावली पायाशी गोळा झालेली. काड्यांच्या मात्र लांबच लांब, माणसाएवढ्या. त्यांना खांदे होते.

म्हटलं, म्हातारे डोळे, काहीही बघतात. आनिसियाला बोलावलं. ती हळूच म्हणाली, आई, ऊन कुठेही असलं तरी या सगळ्या घराकडेच कशा?

उर्सू म्हणाला, वेलांच्या असतील. खोटं बोलताना तो कान खाजवतो. आज दोन्ही खाजवले.

दोन दिवसांनी

काड्या उपटून मोळी बांधली. सावल्या उपटल्या नाहीत. उंबऱ्यापर्यंत आल्यात. लेकराची धाकटी आत आलीये. आनिसिया चालते तेव्हा तिच्या सावलीचं बोट धरून चालते.

पोटातलं कालपासून हललेलं नाही.

पाहोमिए म्हणतो, त्यांना उभं राहायला जागा हवी. भिंत नसेल तर मिळेल तिथे शिरतील. बोलताना त्याची नजर आनिसियाच्या पोटावर गेली. मी पळी फेकून मारली त्याला. पण खरं होतं ते.

दुसऱ्या दिवशी

उर्सूने किल्ल्याचे दगड आणून भट्टीमागे कमरेएवढी भिंत रचली. आगाला कळलं तर उर्सूची मान जाईल, आणि तिकडे राजाच्या पोरांचीही. काड्या आत घातल्या तरी वरचा दगड बसेना, सारखा घसरायचा. उर्सू म्हणाला, जुन्या काड्यांनी भागत नाही, एक नवी लागते. इतक्या सहज म्हणाला की मला कळलं. याने सावल्या मोजल्यात.

मी उन्हात जाऊन उभी राहिले. म्हटलं, मोज. तो रडायला लागला. म्हणे, नकळत मोजायची असते. मग पाठ केली आणि वाटाणे खुडत त्याच्या मेलेल्या बापाला मोठमोठ्याने शिव्या देत राहिले, म्हणजे पावलं ऐकू यायला नकोत.

दगड बसला. संध्याकाळी पोटातल्याने लाथ मारली.

सेंट पीटर-पॉलचा सण

नात झाली. गळा माझ्यावर गेलाय. तिला रोज उन्हात धरून बघते, सावली आहे. माझी नाही. मोजल्याला छत्तीस दिवस झाले.

आज आगा बाळ बघायला आला, बेदाणे घेऊन. वाईट माणूस नाही तो. भट्टीमागे नजर गेली आणि पांढरा पडला. म्हणाला, एकही दगड उरला नाही असं मी लिहून पाठवलंय, आता माझीही मान त्यातच आहे. उद्या पाडा. तुमच्याच हाताने.

पाडली की ते पुन्हा बाहेर. आणि बाळ —

उर्सू, नाही म्हणायचं नाही. तिकडची ती दोन पोरंही कुणाची तरी आहेत. भिंतीत आता मीही आहे ना. बघते मी त्या नऊ जणांकडे.

दुसऱ्या दिवशी, सकाळी

आनिसिया बाळाला घेऊन नदीवर. उर्सूने भिंतीवर पहिला घाव —

माझ्या बरगडीत लागला. लिही, थांबू नकोस.

दुसरा. गुडघा.

दगड निघाला. आले बाहेर — नदीकडे — नाही. दारात मी आहे. मागे व्हा, मेल्यांनो, सगळे माझ्यामागे — ऐकतात, पाहोमिए. राखणदारच ते, कुणीतरी दम भरायला हवा —

धाकटं कुठंय?

खिडकीत. नको रे, तिकडे नको, ती तान्ही आहे, तिला काय येतं खेळायला. मी सांगते गोष्ट. ये इकडे. ये —

हात किती गार. धर. घट्ट धर —

उर्सू, बाळा, डोळे पूस. एकच दगड राहिलाय. मार —