काम हुकावर राहू द्या

मी, खाली सही करणारी, इस्पितळाच्या शिवणखात्यातून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य अशा कागदात सगळेच लिहितात, मी मात्र ते तपासून घेतले आहे. गेल्या हिवाळ्यात माझा एकुलता मुलगा डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि म्हणाला, आई स्टेशनवर बसून अनोळखी गाड्यांना हात हलवते, घरभर चिंध्या पसरते, तरी ती भ्रमिष्ट झाल्याचा दाखला द्या. बाई मला तपासायला आल्या. मी म्हटले, चला, गाडीची वेळ झाली. फलाटावरच्या बाकावर आम्ही दोघी उन्हात बसलो. गाडी सुटली तेव्हा माझ्याआधी बाईंनीच हात वर केला. दाखला मिळाला, पण मुलाला हवा होता तो नाही. तो या कागदाला जोडला आहे.

याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळेच मुलाला देऊन टाकले होते.

कलम १. घर. हे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. इस्पितळाच्या चादरींच्या कडा दुमडता दुमडता ते उभे राहिले, तेव्हा वडिलोपार्जित हक्काची भाषा कोणी करू नये. मागच्या दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची मुलाला. पुढची खोली त्याला नाही. तिथे टायरांचे गोदाम करायचे त्याच्या मनात आहे, मापेसुद्धा घेऊन झाली आहेत. मी जिवंत असताना माझ्या डोक्यावरून टेप धरली होती. पुढची खोली, तिच्या मोठ्या खिडकीसकट आणि भिंतीवरच्या हुकांसकट, मी माझ्या सुनेला देते, तिच्या एकटीच्या नावाने. यावरून नवरा-बायकोत धुसफूस होईल हे मला ठाऊक आहे. सुनेने ऐकून घ्यावे आणि किल्ली देऊ नये.

कलम २. ती खोली कशासाठी आहे ते इथे लिहिणे भाग आहे, कारण माझ्यामागे कोणीतरी म्हणणार की म्हातारीने हट्ट केला. हट्टच आहे.

माझे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवत. उन्हाळ्यात शिडीवर चढून शीळ घालणारा हा माणूस दिवस लहान होऊ लागले की भिंतीकडे तोंड करून निजायचा. कोणी हाक मारली तर हुं म्हणायचा, तेवढेच. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. ते गेल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात मीही तशीच निजले, त्याच भिंतीकडे तोंड करून. तेव्हा समोरच्या घरातली कंडक्टरबाई आली. आयुष्यभर बसमध्ये उभी राहिलेली बाई, तिला दार वाजवण्याची सवय नाही. पांघरूण ओढून ती म्हणाली, "उतरा. शेवटचा थांबा आला."

त्या दिवशी आम्ही फक्त कोपऱ्यावरच्या वजनकाट्यापर्यंत गेलो, वजन केले आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेत, काचेच्या छपराखाली. मग फर्निचरच्या दुकानात. तिथे आम्ही एकेका सोफ्यावर बसून नाक मुरडले, विकत काही घेतले नाही. तिचा नियम एवढाच, की ऊन आहे तोवर जाऊन यायचे आणि रोज जायचे. फिरून आले की पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, हाताला काम. इस्पितळातून बाद झालेल्या चादरींच्या पट्ट्या माझ्याकडे गठ्ठ्याने होत्या. ती त्यांची पायपुसणी विणायला लागली, मी स्टुलांच्या बैठका. पुढे पलीकडच्या गल्लीतला कुलुपवाला येऊ लागला. बायको गेल्यापासून तो कोणाशी धड बोलत नव्हता. त्याला आम्ही मफलर विणायला शिकवले. जाडजूड बोटांचा माणूस, पण टाके असे घट्ट घालायचा, की कुलूपच करतोय वाटावे.

खोलीची पद्धत अशी: काम कधीही पूर्ण करून उठायचे नाही. ओळ अर्धी ठेवायची, सुई त्यातच अडकवायची आणि काम आपापल्या हुकाला लावून घरी जायचे. घरी न्यायचे नाही. अर्धी ओळ माणसाला दुसऱ्या दिवशी हाक मारते. हे कंडक्टरबाईचे डोके. ती त्याला परतीचे तिकीट म्हणते. काम संपतच आले तर त्याच दिवशी दुसरे सुरू करून हुकाला लावायचे आणि मगच पहिले सोडायचे.

कलम ३. सुनेला ही खोली का, याचा खुलासा. मी छातीच्या दुखण्याने इस्पितळात होते तेव्हा सुनेने खोली झाडून काढली. हुकांवर सगळी अर्धी कामे लोंबकळताना पाहून तिला वाईट वाटले. पोरीचा हात चालतो. सासूच्या मित्रमंडळींवर उपकार करावेत म्हणून तिने सगळ्यांची सगळी कामे पूर्ण करून, घड्या घालून ठेवली. मंडळी आली, छान झालंय म्हणाली, आपापली वस्तू घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी कोणीच आले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. कंडक्टरबाईसुद्धा नाही, जिने हा नियम काढला.

मी घरी आले तेव्हा सून रडवेली होऊन दारात उभी होती. तिला घेऊन मी कुलुपवाल्याकडे गेले. तो अंथरुणात होता, गळ्यात तोच मफलर, तोंड भिंतीकडे. सुनेने त्याच्याकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. मी काही सांगायच्या आत ती खाली बसली, मफलरचे टोक शोधले आणि ओढू लागली. त्याच्या गळ्याभोवती मफलर उसवत गेला.

"उठा काका," ती म्हणाली, "तुमचं काम राहिलंय."

तो उठला. नंतर आम्ही कंडक्टरबाईचे पायपुसणे तिच्या पायाखालून ओढून उसवले, तेव्हा तिने आम्हाला बस थांबवून खाली उतरवण्याची धमकी दिली. ज्या मुलीला आपली चूक उसवता येते, तिला मी माझी खोली देते. याउपर कारण लागत असेल तर मला जिवंत असेतो येऊन विचारावे.

कलम ४. शिवणयंत्र सुनेला. मोठी कात्री कंडक्टरबाईला, जरी तिने एकदा त्या कात्रीने कागद कापला होता. मी ते विसरलेले नाही.

कलम ५. धाकटे दीर. त्यांनी भर पाहुण्यांत माझ्या यजमानांना आळशी म्हटले होते. यजमानांनी इस्पितळासाठी रंगवलेली, अक्षर तिरके झाले म्हणून परत आलेली ‘शांतता राखा’ ही पाटी मी दिरांना देते. समोरच्या भिंतीवर लावावी आणि बोलण्याआधी वाचावी.

कलम ६. कुलुपवाल्याला काही देता येत नाही, कारण साक्षीदाराला काही दिले तर ते टिकत नाही, असे वकील म्हणतात. मी त्याला विचारले, वस्तू हवी की सही करतोस? म्हणाला, सही करतो. त्याचा मफलर आणि त्याचा हुक त्याचेच आहेत, ते या मृत्युपत्रात धरू नयेत.

कलम ७. मुलगा. त्याला वाटेल आईने सूड घेतला. बाळा, तसे नाही. गेली दोन वर्षे थंडी पडली की सुट्टीच्या दिवशी तू दुपारभर निजतोस, आणि तुझे तोंड कुठल्या भिंतीकडे असते ते मी दारातून पाहिले आहे. हाक मारली की हुं म्हणतोस. तुझ्या वडिलांच्या वेळी मला काही सुचले नव्हते. आता सुचते आहे, आणि मी तुला त्या भिंतीला सोडणार नाही. मेल्यावरही नाही. पुढच्या खोलीत टायर भरलेस तर तू स्वतः कुठे बसणार होतास?

खिडकीजवळच्या हुकाला माझे स्टूल टांगले आहे. बैठक अर्धी विणली आहे. ते तुझे. सुनेने त्याला हात लावायचा नाही, कितीही दया आली तरी. आणि तूही ते एका दिवसात पुरे करायचे नाही.

लिहून झाले. सही करताना मी अर्धीच केली आणि पेन कागदात ठेवून उठले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी सही चालत नाही, रात्रीत काही झालं तर? मी म्हटले, म्हणूनच होणार नाही.

पुढील मजकूर दुसऱ्या दिवसाचा. काही झाले नाही. आम्ही स्टेशनवर जाऊन, गाडीला हात हलवून आलो. उरलेली सही साक्षीदारांसमोर आत्ता करते आहे. मुलगा बायकोला शोधत आला आहे आणि हुकाकडे पाहत दारात उभा आहे. आत ये म्हटले नाही. पण त्याने बूट काढले आहेत.

ठिकाण: पुढची खोली, खिडकीपाशी.
तारीख: वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या दुसऱ्या दिवशी, ऊन खोलीत असताना.

लिहून ठेवणारीची सही (कालची अर्धी, आजची अर्धी)

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई, सही
२. कुलुपवाला, सही (विणकाम हुकाला लावून मग केली)