पाकिटावरचं कुंकू

लालबाग,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना,
दर्शनाचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? तेल संपलं असेल तर हितेंद्रला सांगा, तोच हे पत्र घेऊन वडाळ्याला येतोय. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. दोन वाक्यं झाली की "ठेव गो आता" म्हणता. म्हणून एकदाचं कागदावर लिहिते. यंदा मिरची चांगली आली आहे. पहिला पाच किलो मसाला झाला, तुमचा डबा वेगळा काढून ठेवलाय.

रविवारी अकरा वाजता दादरच्या स्टुडिओत माझा फोटो आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या मसाल्याच्या पाकिटावर घालायचा. आजवर माझा एकटीचा फोटो निघाला तो आधारकार्डापुरता, आणि त्यात मी चोरासारखी दिसते. त्यामुळे हितेंद्रने विचारलं तेव्हा लाजले, पण खूशही झाले. खोटं कशाला बोलू? चार दिवस बेसन लावून तोंड धुतलं.

मग फोटोवाल्या धनेशची यादी आली. हिरवी नऊवारी, नथ, हिरवा चुडा. काळे मणी नसतील तर स्टुडिओत मिळतील. आणि शेवटी, कुंकू मोठं. मी हितेंद्रला म्हटलं, "अरे, तुझी आई कोण आहे ते सांगितलंस का त्याला?" तर म्हणतो, "आई, फोटोपुरतं गं. पाकिटावर ट्रॅडिशनल लूक लागतो. बाहेर आलीस की पुसून टाक ना."

पुसून टाक! जसा काही ओट्यावरचा डाग.

पोराचं सोडा. वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता, त्याला काय आठवणार? पण त्याच संध्याकाळी तुमचा फोन. "ठसठशीत लाव गो, बघणाऱ्याक घरची आवस वाटाक होयी." घरची आई म्हणे! वन्सं, तेव्हापासून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्यात, आणि मी एकोणीस वर्षं मिरच्यांतच काढलेली बाई आहे.

तुम्ही हे म्हणावं? हे गेले त्या दिवशी मला मोरीत नेऊन कुंकू कोणी पुसलं? तुमच्या अंगठ्याने. निघेना म्हणून पदर ओला केलात. पुसताना रडत होतात, तेही मला आठवतं. पाठचा भाऊ गेला होता तुमचा. म्हणून मी एकोणीस वर्षं एक शब्द काढला नाही. आरोहीच्या डोहाळजेवणाला साठ माणसांचं मी रांधलं, आणि ओटी भरायच्या वेळी तुम्ही हळूच म्हणालात, "तू आत वड्यांकडे बघ." सख्खी मामी मी तिची! गेले आत. वडे कधीच तळून झाले होते, वन्सं. मी रिकाम्या कढईकडे बघत उभी राहिले.

घरच्या लेकीला ज्या कपाळाचा अपशकुन, तेच कपाळ दुकानात मांडलं की शुभ? हे कुठलं शास्त्र, ते मला एकदा समजावून सांगा.

आता जे लिहायचं नव्हतं तेही लिहिते. काल दुपारी हितेंद्र कामावर गेल्यावर मी दाराला कडी घातली, देवघरातली कुंकवाची डबी घेतली आणि आरशासमोर लावून बघितलं. मोठं नाही, पूर्वी लावायचे तेवढंच. बरी दिसत होते. मनात म्हटलं, अगो, ही इतके दिवस होती कुठे? तेवढ्यात बेल वाजली, आणि मी पदराने खसाखसा पुसलं. तुम्ही नव्हतात, कोणी नव्हतं, हात माझाच. दार उघडलं तर गॅसवाला. त्याला काय पडलंय माझ्या कपाळाचं! तुम्ही पुसलंत तो राग मी गिळला. काल मीच पुसलं तो गिळता येत नाही. रात्रभर स्वतःलाच शिव्या घातल्या.

तेव्हा नीट ऐका. फोटोपुरतं कुंकू मी लावणार नाही. लावीन ते कायमचं. सोमवारी मिरच्या आणायला जाताना असेल, मे महिन्यात तुमच्या मनूच्या लग्नात असेल, आणि तिची ओटी मी मामी म्हणून भरीन. ज्यांना अपशकुन वाटेल त्यांनी आत जाऊन वड्यांकडे बघावं.

रविवारी तुम्ही या. हितेंद्र टॅक्सीने आणेल, गुडघ्याची सबब नको. डबी मी पर्समध्ये घेऊन येते. ज्या अंगठ्याने पुसलंत त्याच अंगठ्याने लावा, त्या धनेशच्या देखत, हितेंद्रच्या देखत. तुम्ही यावं असं मला फार वाटतं. इतकं रागाने लिहिलं तरी वाटतंच.

नाही आलात तर मी माझ्या हाताने लावीन. काल घाबरला तो हात, रविवारी घाबरणार नाही. एवढंच की तुमच्या अंगठ्याला मग जन्मभर पुसल्याचंच आठवत राहील.

अकरापर्यंत वाट बघते.

तुमच्या भावाची बायको,
दर्शना