सेनादोर आणि कुस्तोदियाच्या बारा गायी

१७ मे, संत पास्कालचा दिवस

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावं, नाहीतर मागाहून लोक वाट्टेल ते लिहितात.

बायकोशी, म्हणजे कुस्तोदियाशी, करार झाला. तिच्या माहेरच्या बारा गायी वर्षभर माझ्या ताब्यात. पुढच्या संत पास्कालला माझ्या नव्या जातीची धडधाकट वासरं दारात उभी असली, तर अख्खा कळप माझ्या हाती. नसली, तर मी योपाल शहरात, मेहुण्याच्या औषधाच्या दुकानात, पुन्हा काउंटरवर. तिने वर असंही घातलं की, निमूट जायचं, जाताना भाषण करायचं नाही. मी लगेच हात मिळवला. हरण्याचा प्रश्नच येत नाही.

जातीचं नाव ठरलं: आबुन्दियाना. (माझं नाव आबुन्दियो. नोंद असलेली बरी.)

शास्त्र सोपं आहे. आमचा माळ सहा महिने पाण्याखाली आणि सहा महिने तव्यासारखा. इथल्या तांबड्या गायी दोन्हीत टिकतात, पण मांस जेमतेम. त्यांची चिवट प्रकृती अधिक मोठा देह, झालं काम. इतकी वर्षं कुणाला सुचलं कसं नाही?

२३ मे

सेनादोर आला! हा वळू मोटरसायकल देऊन घेतला. पांढराशुभ्र, गुलाबी नाक, वजन नऊशे किलो. ट्रकमधून उतरायला पाऊण तास लागला. उतरला आणि पहिली सावली बघून बसला.

निकानोर, म्हणजे सासऱ्यांच्या वेळेपासूनचा आमचा गुराखी, वय सत्तर, टोपी मागे सारून म्हणाला, डॉक्टर, हा कामाला आलाय की हवा बदलायला? मी बारा वर्षं दुकानात पुड्या बांधल्या म्हणून हा मला डॉक्टर म्हणतो. आदरानेच म्हणत असावा.

२५ मे, रात्री

घोटाळा. कुस्तोदिया धार काढताना गाते. इथे सगळेच गातात. प्रत्येक गाईचं नाव गाण्यात घ्यायचं, की ती माळावरून आपसूक येते आणि पान्हा सोडते. आज पहाटे तिने पहिली तान घेतली आणि सेनादोर दचकला. गव्हाण मोडली. दिवसभर गवताला तोंड लावलं नाही. मोठ्या घरचा जीव, मज्जासंस्था नाजूक.

२६ मे

गाणं बंद. गोठ्यावर बोर्ड लावला: शांतता राखा. निकानोरला वाचता येत नाही. त्याने विचारलं, काय लिहिलंय? मी मोठ्याने वाचून दाखवलं. सेनादोर पुन्हा दचकला.

कुस्तोदिया म्हणाली, माझी आई गायली, तिची आई गायली, पण करार तो करार. गात नाही मी. मग दिवसभर माझ्याशीही बोलली नाही. शांततेचा नियम तिने फारच मनावर घेतलेला दिसतो.

९ जून

पाऊस धो धो. गायी सकाळी गोठ्याकडे फिरकत नाहीत. दूध निम्म्यावर. चालायचंच, आपल्याला दूध नको, मांस हवंय.

निकानोरला विचारलं, जातात कुठे? म्हणाला, ओढ्यापलीकडे, इसिद्रोकाकांकडे गाणं ऐकायला. म्हाताऱ्याचा आवाज तीन मैल जातो, आणि आमच्याकडे तर मौनव्रत. या माणसाची विनोदबुद्धी एक दिवस त्याला भोवणार.

२१ जून

सेनादोर उन्हात उभा राहत नाही. दिवसभर पोटापर्यंत पाण्यात. तीन वेळा अंघोळ, दोन वेळा गोचीड काढणे, दुपारी ताडाच्या पानाने वारा. हे सगळं मी जातीने करतो. पाठ धरली आहे.

पण संध्याकाळी फाटक उघडं ठेवतो आणि सकाळी त्याचे पाय चिखलाने माखलेले असतात. माळावर चक्कर मारून येत असणार. गडी कामाचा आहे!

निकानोर म्हणतो, पाण्यात उभा राहिला की पाय माखतातच. असूया.

३० ऑगस्ट

विजय! निकानोरने गायी तपासल्या. बारापैकी अकरा गाभण! मी अंगणात नाचलो. कुस्तोदियाला ओढलं, तीही नाचली, आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. माझं पाऊल चुकलं तरी हात सोडला नाही. एवढ्यासाठीसुद्धा नवी जात काढायला हरकत नाही.

बारावी लंगडी आहे. ती गोठ्याजवळच असते. तिचं पुढेमागे बघू.

१२ ऑक्टोबर

इसिद्रोकाका येऊन गेले. सोबत त्यांचा तोतुमो नावाचा वळू, कुत्र्यासारखा मागे मागे. बुटका, तांबडा, एक शिंग मोडलेलं, खालचा ओठ लोंबलेला. असल्या जनावरांमुळेच आपला प्रदेश मागे राहिला. काका कॉफी पिता पिता म्हणाले, पोरा, तुझ्या गायींचा आमच्याकडे पाहुणचार चाललाय हो, काळजी नको. वय झालं काकांचं. मी मान डोलावली आणि मक्याची भाकरी पुढे केली.

तोतुमो सेनादोरकडे बराच वेळ बघत होता. दबला असावा.

१४ जानेवारी

पाणी आटलं, गवत वाळलं, जमीन भेगाळली. गायी मात्र टुमटुमीत. काटक्या खाऊन पुष्ट होतायत. सेनादोरचं रक्त आतून काम करतंय, दुसरं काय?

स्वतः सेनादोर खंगला आहे. उकडलेली केळीच खातो, तीही गार करून. ओसरीत माझा झोपायचा दोरीचा झोपाळा बांधलेला होता ती जागा थंड असते, म्हणून ती त्याला दिली. मी गोठ्यात झोपतो. तात्पुरती सोय.

२२ मार्च

पहिलं वासरू! कालवड. तांबडी, बुटकी, नाक काळं. अर्ध्या तासात उठून पळायला लागली.

रंगाचं मनावर घ्यायचं कारण नाही. पांढरा रंग मागाहून येतो. माझेही केस मागाहूनच पांढरे झाले.

५ एप्रिल

सात वासरं. सातही तांबडी. सातांचाही खालचा ओठ लोंबता. ओठाचं कारण हवामान.

निकानोर वासरांकडे बघून गालात हसतो आणि ओढ्याकडे बघून टोपी काढतो. उन्हाचा त्रास होत असेल.

२ मे

अकरा झाली. एकही दगावलं नाही, एकालाही औषध लागलं नाही. गोचीडसुद्धा त्यांच्या अंगावर टिकत नाही. जिंकलो! जातिवंत गुरांच्या संघाला पत्र धाडलं. तज्ज्ञ श्री. रेन्तेरिया बरोब्बर संत पास्कालला येतायत. भाषण लिहायला घेतलं. पान अकरावर आहे.

१७ मे, रात्री

लिहायला नको वाटतंय. पण नोंद ती नोंद.

रेन्तेरियासाहेबांनी वासरं पाहिली आणि चक्क हॅट काढली. म्हणाले, वीस वर्षं हिंडतोय, इतकं अस्सल देशी रक्त कुठे पाहिलं नाही, तुम्ही हे जपलं कसं? मी म्हणालो, ही देशी नव्हे, आबुन्दियाना. त्यांनी विचारलं, बाप दाखवा. मी त्यांना तळ्यावर नेलं. सेनादोर पाण्यात डोळे मिटून उभा होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, वासराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खोकले.

तेवढ्यात इसिद्रोकाका सणाचं म्हणून आले. मागे तोतुमो. वासरांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. अकरा ओठ आणि एक ओठ. सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. माळावरचा रिवाज असा की वासरू आईच्या मालकाचं, त्यामुळे काकांनी काही मागितलं नाही. जेवायला काय आहे, एवढंच विचारलं.

साहेब मात्र वहीत भराभरा लिहीत होते. अकराही वासरं संघाच्या पुस्तकात चढणार, जात वाढवायला ठेवणार. त्यांनी विचारलं, या गायी नेमक्या याच वळूकडे पाठवायची अक्कल कुणाची?

मी तोंड उघडलं.

कुस्तोदिया म्हणाली, यांची. यांनी आमचं गाणं बंद केलं, मग गायी गेल्या जिथे गाणं होतं तिथे.

सगळे पोट धरून हसले. तीही हसली. मग एकदम भांडी उचलून आत गेली. अकरा पानांचं भाषण खिशातच राहिलं.

१९ मे

सेनादोर थंड डोंगरातल्या नन्सच्या मठात गेला. ट्रकमध्ये या खेपेला एका मिनिटात चढला. मागे वळून पाहिलं नाही.

मी सामान बांधलं. कुस्तोदिया म्हणाली, डबा घ्या. घेतला. भाषण केलं नाही. फाटकापर्यंत पोचलो तोच गोठ्यातून तिने पहिलं नाव गायला घेतलं. वर्षभरानंतर. माळावरच्या गायींनी माना वर केल्या. मीही उभा राहिलो. बस चुकता चुकता राहिली. फार वाईट वाटलं, लपवण्यात अर्थ नाही.

२ जुलै, योपाल, दुकान

कुस्तोदियाचं पत्र! पहिलं पान: ती लंगडी, जिला काकांपर्यंत चालवत नव्हतं, दोन आठवड्यांपूर्वी व्याली. खोंड. पांढराशुभ्र, गुलाबी नाक!

म्हणजे आबुन्दियाना जन्मली! सिद्धांत बरोबर होता, फक्त बाकीच्या अकरा गायींना चालता येत होतं! जागच्या जागी राजीनामा दिला. ते अकरा पानी भाषण मेहुण्यापुढे वाचलं. खोकल्याच्या औषधासाठी थांबलेल्या दोन बायकांनीही ऐकलं. मेहुणा म्हणाला, महिन्याची नोटीस नको, आत्ताच नीघ.

त्याच दिवशी, बसमध्ये, दुपारी ३

पत्राला दुसरं पान होतं.

ती लिहिते: सकाळचे नऊ वाजले की खोंड धापा टाकतो. गवत दाखवलं तर तोंड फिरवतो. निकानोर म्हणतो, हा माळावर एक उन्हाळासुद्धा काढायचा नाही, याला घरातच वाढवावं लागणार. मी त्याचं नाव आबुन्दियो ठेवलंय. काडीच्या कामाचा नाही, पण हाक मारली की येतो. तुमच्यापर्यंत माझा आवाज पोचत नाही, म्हणून हे पत्र.