संगणक समिती आणि फ्रीजचा स्टॅबिलायझर

३ नोव्हेंबर १९९७
आमच्या आरोग्य केंद्रात संगणक आला. सुधारणा प्रकल्पाचं परिपत्रकही आलं. संगणक समिती नेमा, माहितीवर नियंत्रण ठेवा, अहवाल द्या. काम चोख असेल त्या क्लार्कची नगरला बदली. म्हणजे माझी. नगरजवळच्या केडगावहून, घरून रोज एसटीत उभं राहून देवळालीच्या पुढे यायचे भोग संपले. बायकोला सांगून टाकलं, जानेवारीपासून दुपारी घरी जेवणार.

डॉक्टर म्हणाले, समितीत सिस्टर भारतीला घ्या, लसी तिच्याकडे असतात. साफ नकार. अध्यक्ष मी, सचिव मी. डॉक्टर सदस्य, नावापुरते.

६ नोव्हेंबर
संगणकाची पूजा. मच्छिंद्र शिपायाने नारळ टेबलावरच फोडला. पाणी की-बोर्डवर. वर म्हणतो, "भाऊसायेब, त्यालाबी परसाद नको व्हय?" मुद्दाम केलं गाढवाने. नियम काढला : चपला खोलीबाहेर. शिपाईसुद्धा खोलीबाहेर.

१२ नोव्हेंबर
उसाला पाणी द्यायच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. संगणक दोनदा बंद. नगरला स्टॅबिलायझर मागितला. तिथे सगळे झोपलेत. मी गेलो की उठवीन.

१४ नोव्हेंबर
लसीच्या फ्रीजला उत्तम स्टॅबिलायझर आहे. फ्रीजला कशाला हवा? ते गार कपाट. काढून संगणकाला लावला.

सिस्टर भांडायला आली. सात डिसेंबरला पोलिओचे डोस आहेत, फ्रीज जळाला तर पोरांना काय पाजू, म्हणाली. म्हटलं, समितीकडे अर्ज करा. केला. समितीने फेटाळला. एकमताने. (डॉक्टर रजेवर.)

२४ नोव्हेंबर
झुंबरबाई आया बोंबलत आली. "फ्रीज गार लागंना, जळका वास येतोय." जळणाऱ्यांना वास येणारच. माझी बदली खुपते सगळ्यांना.

फ्रीजचं तापमान रोज संगणकात भरायचं असतं. दोन ते आठ अंश हवं. मी पाच भरतो. आज डिसेंबरअखेरपर्यंतचं भरून टाकलं. याला म्हणतात नियोजन. इथे कुणाला कळतंय!

४ डिसेंबर
पोलिओची लस आली. सिस्टरने ती बर्फाच्या पेटीत घालून, डॉक्टरांच्या स्कूटरवरून देवळालीला ओळखीच्या दवाखान्यात नेऊन ठेवली. समितीची परवानगी नाही! लगेच नगरला फोनवर तक्रार केली. तिथले साहेब उद्याच येतायत. सिस्टर सस्पेंड होणार. सुंठीवाचून खोकला गेला.

५ डिसेंबर
साहेब आले. अहवाल दाखवला. रोज पाच अंश. साहेब मान डोलवत होते. मग विचारलं, आज पाच तारीख, एकतीसचं तापमान कसं कळलं? म्हटलं, साहेब, संगणक आहे.

साहेबांनी फ्रीज उघडायला लावला. आत ऊब. आणि चपला. मच्छिंद्र म्हणाला, "भाऊसायेबांचाच नियम हाय. भायेर ठिवल्या की कुत्री पळवत्यात. फ्रीज तर बंदच हुता." साहेब हसले नाहीत. मला वाटतं, ते माझी शिस्त पाहून भारावले.

८ डिसेंबर
काल डोस पार पडले. एकही पोर सुटलं नाही म्हणे. साहेबांनी सिस्टरचं कौतुक केलं. माझ्या तक्रारीचं नावही काढलं नाही. बहुतेक गुप्त चौकशी चालू असावी. बायकोला म्हटलं, माझा जेवणाचा डबा माळ्यावर टाक, आता लागणार नाही. तिने तो उद्यासाठी घासून ठेवला.

१ जानेवारी १९९८
नगरचा आदेश आला. बदली मंजूर. संगणकाची.

समिती बरखास्त. फ्रीज नवा, स्टॅबिलायझर त्याचा त्याला. त्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ मी स्वतः डोळ्यांनी पाहून पाटीवर खडूने लिहायचं, सिस्टरला दाखवायचं. म्हणजे पहाटेची एसटी.

संगणक टेम्पोत ड्रायव्हरशेजारी, माझ्याच शालीत गुंडाळून ठेवला. म्हटलं, मीही नगरपर्यंत येतो. मच्छिंद्र म्हणाला, "बसा की मागं. पर चपला काढून."

नाही बसलो. एसटीने आलो. उभाच.